वेड्या बाईच्या हातचं

"आत गेल्यावर थोडं वेड्यासारखं करा ताई," वकील म्हणाला. "म्हणजे आरडाओरडा नको. विचारलं एक, तर उत्तर दुसरंच द्यायचं. बाकी मी बघतो."

नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात साधना जेजुरकर भिंतीला टेकून उभी होती. इस्त्रीची साडी, चापून बसवलेले केस. वकिलाला तेच आवडलं नव्हतं. तारखेआधी गोळ्या बंद ठेवा असा त्याने निरोप धाडला होता, आणि ही बाई सकाळची गोळी घेऊन, चहा पिऊन, वेळेआधी हजर.

शेजारी तिचा दीर गोरक्ष. त्याचं म्हणणं सरळ होतं. वेड्याची सही कोर्ट धरत नाही. वहिनी वेडी ठरली की तिच्या सह्यांचं कर्ज उडालं, सिडकोतलं घर वाचलं, आणि वेड्याला पालक लागतो म्हणून घराचा कारभार गोरक्षकडे. वहिनीला त्यातली एक खोली तो देणारच होता, दोन वेळचं जेवणही. घर गिळायला निघालेला माणूस वर उपकारही दाखवत होता.

नवरा निवृत्ती वारल्यावर साधनाने त्याच घरात खानावळ काढली होती. अंबडच्या कारखान्यांतली पोरं जेवायला यायची. पेठची, सुरगाण्याची, मालेगावकडची. सगळी तिला मावशी म्हणायची. महिन्याचे पैसे आगाऊ. जो गावाला गेला त्याचे खाडे धरायचे आणि तेवढी जेवणं पुढच्या महिन्यात द्यायची, हा खानावळीचा कायदा. तिने आजवर कुणाचा खाडा बुडवला नव्हता.

मग दोन हजार साली तिचं डोकं चढलं. डॉक्टरांनी पुढे आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हे आयुष्यभराचं आहे म्हणाले. पण तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही? ती झोपत नव्हती. बोलायला लागली की थांबत नव्हती, पोळ्या लाटता लाटता आणखी तीन खानावळींचे बेत सांगत होती. आणि पतसंस्थेच्या मॅनेजरला ती धडाडीची बाई वाटली. त्याने कर्ज दिलं, वर शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. भांडेवाल्याने ताटांचे गठ्ठे उतरवले. किराणावाल्याने बासमतीची पोती पाठवली, कारखान्यातली पोरं बासमती कधीपासून खायला लागली हे त्या शहाण्याने विचारलं नाही. सह्या घेताना तिचं डोकं ठीक असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागायचं एकालाही आठवलं नाही. वसुलीला आले तेव्हा मात्र हेच लोक दारात उभे राहून शेजाऱ्यांना विचारत होते, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून.

तेव्हा ती आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. चढलेलं डोकं उतरलं की असं होतं. शेगडी पेटेना. पोरं यायची, दारातून बघायची, जायची. आगाऊ पैसे भरलेली पोरं. एकानेही शिवी दिली नाही. दुसरीकडे जेवायला लागली.

"भाऊजी," साधना म्हणाली, "उद्या मी परत खानावळ काढली तर वेड्या बाईच्या हातचं कोण खाईल?"

"काढायची कशाला पण? मी आहे ना बसून खायला घालायला."

"दिवाळं निघालेल्या बाईच्या हातचं लोक खातात. तिचे पैसे गेलेले असतात, हात शाबूत असतात. वेडीच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाहीत."

वकिलाने घड्याळ बघितलं. "ताई, घर जाईल. समजतंय का तुम्हाला?"

"समजतंय. मला समजतंय, हेच तर तुम्हाला नकोय."

पुकारा झाला. आत वकील उभा राहिला आणि माझ्या अशिलाची मानसिक अवस्था, एवढंच म्हणाला. साधनाने त्याला थांबवलं. न्यायाधीशांनी तिच्याकडे बघितलं. कठड्यावर ठेवलेला तिचा हात हलत होता. हात का थरथरतोय, त्यांनी विचारलं.

"गोळीनं साहेब. डोकं स्थिर ठेवायचं तर हात थरथरतो. मी आजारी होते. आजही आहे, मरेपर्यंत राहीन. पण आज मी काय बोलतेय ते मला कळतंय. घर विका. मला नादार करा, वेडी करू नका."

न्यायाधीश लिहायला लागले. तेवढ्यात ती पुन्हा बोलली. देण्यांच्या यादीत पोरांची जेवणं राहिली आहेत, म्हणाली. पतसंस्थेचा वकील हसला. जेवणं म्हणजे काही कर्ज नव्हे, असं त्याने कोर्टाला सांगितलं.

"तुम्ही कधी खानावळीत जेवला नाहीत," साधना त्याला म्हणाली.

पुढे बऱ्याच तारखा झाल्या. शेवटी कोर्टाने तिचं दिवाळं मान्य केलं, ती नादार ठरली. घर गेलं. कोर्टाचा माणूस येऊन ताटं, टेबलं, फ्रिज घेऊन गेला. तवा, परात, पोळपाट राहिले, कारण ज्या हत्यारांवर माणूस पोट भरतो त्यांना हात लावायचा नाही असं कायदा म्हणतो. कायद्याला तेवढी लाज होती. गोरक्षला तीही नव्हती. वहिनी खरंच वेडी आहे, नाहीतर वाचणारं घर कोण सोडतं, असं तो नातेवाइकांत सांगत फिरला.

साधनाने सावतानगरात भाड्याची खोली घेतली आणि अंबडच्या गेटांवर निरोप पोचवला. ज्यांची जेवणं राहिलीत त्यांनी रविवारी यावं.

पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत दोघं-तिघं आले होते, तिला खिडकीतून दिसले. आपसात काहीतरी बोलले आणि मागे फिरले. केलेलं सगळं संध्याकाळी तिने एकटीने खाल्लं, उरलं ते दुसऱ्या दिवशी खाल्लं. टाकलं नाही.

पुढच्या रविवारी सुरगाण्याचा लखन दारात येऊन उभा राहिला. लेथवर काम करणारा, पूर्वी रोज जेवायला येणारा. आत येऊ की नको असा.

"पोरं म्हणली जाऊ नको," तो म्हणाला.

"मग कशाला आलास?"

"माझी जेवणं राहिलीत ना."

"तर बस."

तो बसला. तिने आमटी वाढताना वाटीबाहेर थोडी सांडली. त्याने सांडलेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पहिला घास त्याने हातात जरा जास्तच वेळ धरला. साधना तव्यासमोर होती. भाकरी करपत होती तरी ती उलथत नव्हती.

लखनने घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तोंड वाकडं केलं.

"मावशी, आमटी लय अळणी हाय."

आजारी पडल्यापासून जो तो तिच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं हळू, गोड बोलत आला होता. डॉक्टर, दीर, घरमालकीण, सगळे.

"मग मीठ घे की," साधना खेकसली. "डबा तुझ्या मागंच आहे. का आता भरवू?"

लखन उठला. डबा हुडकला, चिमूटभर मीठ घेतलं, बोटाने वाटीत कालवलं, आणि ताट भाकरीसाठी पुढे सरकवलं.