ड्रेसिंगच्या खोलीतलं भजन

मी सिस्टर लिडिया. राहात्याच्या एका दवाखान्यात चोवीस वर्षं ड्रेसिंग करतेय. जखम धुताना माणूस ओरडणारच, पण हे आमच्या नॅथन डॉक्टरांना कोण सांगणार? वय अठ्ठावीस, शिक्षण पुण्यात. कुठल्याशा शिबिरात ऐकून आले की संगीत लावलं म्हणजे पेशंटला दुखणं कमी जाणवतं. झालं! दुसऱ्या दिवशी माझ्या कापसाच्या डब्याशेजारी स्पीकर.

पहिल्या दिवशी लावलं काय, तर झऱ्याचं खळखळणारं पाणी! हात भाजलेले वेल्डर अजीजभाई दहा मिनिटांत तीनदा लघवीला उठले. तिसऱ्यांदा तर अर्धी बांधलेली पट्टी लोंबत गेली. मी म्हटलं, "सर, हे दुखणं कमी करायला आहे का मुतारीची वाट दाखवायला?" तर म्हणतात, "सिस्टर, दुसरं काहीतरी लावून बघू." बघा बाई, बघा. माझं डोकं उठेपर्यंत बघा.

त्यात कोल्हारच्या गोजरबाई आल्या. वय सत्तर, शुगर, पायावर उकळतं पाणी सांडलेलं. जखम चिघळली होती. सडलेली कातडी लगेच काढली नाही तर पाय कापावा लागेल, असं मोठ्या सर्जननी बजावलेलं. शुक्रवारी ते बघायला येणार होते. पण आजी हात लावू देतील तर शपथ! चिमटा दिसला की लाथ. दोन दिवस मी लाथा खाल्ल्या. सून रंगुबाई पाय धरायची, तर तिला वॉर्डभर ऐकू जातील अशा शिव्या. "वांझोटे, सोड! तुजा हात लागला म्हनूनच चिघळलंय!" रंगुबाई मान खाली घालून धरून राहायची. संताप मला यायचा.

बुधवारी डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजींना काय ऐकायला आवडतं?"

"भजन," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मोबाईलवर शोधून लावलं. टाळ-मृदंग, पुरुषांचे जड आवाज, अगदी संथ चाल. माझा हात जागच्या जागी थांबला. अहो, ही चाल आमच्या गावांत मयताच्या पुढं म्हणतात! सकाळी कानावर आली की बाया दारात येऊन विचारतात, कोण गेलं? मी चर्चला जाणारी, तरी मला कळतं. ह्या शहाण्याला कळू नये?

'बंद करा' म्हणणार, तेवढ्यात आजींनी पाय सैल सोडला. डोळे मिटून म्हणाल्या, "निघाले व्हय मला घिऊन?"

पाय हलत नव्हता. देवा, माफ कर, म्हटलं आणि गपगुमान सडकी कातडी काढायला लागले.

"रंगू, हायेस का गं?"

"हाये, आत्या."

"तुला लई बोलले मी. दोष तुजा नव्हता. नगरहून माज्या पोराच्या तपासनीचा कागद आल्ता. मास्तरकडून वाचून घेतला. दोष त्याचाच हुता. म्या कागद चुलीत घातला. त्यालाबी न्हाई सांगितलं."

रंगुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पाय मात्र तिनं सोडला नाही. मी पट्टी बांधली, तसं भजन संपलं. आजींनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"मी हायेच का?"

"आहात! आणि पायही आहे!" मी खेकसले.

डॉक्टर खुशीत. "बघा सिस्टर, संगीताची कमाल!" कपाळ माझं! ह्या माणसानं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी रंगुबाई पिशवी घेऊन निघून गेली. आजी दाराकडं बघत बसल्या, जेवल्याही नाहीत. मला सणकून राग आला, आजींचा, डॉक्टरांचा आणि माझाही. उद्याचं ड्रेसिंग नीट झालं नाही तर शुक्रवारी पाय जाणार होता. तो आता धरणार कोण? आणि तिनं का म्हणून धरावा?

गुरुवारी दहाला ती आली. काल नेलेली पिशवी तिनं पलंगाखाली सरकवली. डॉक्टर लगबगीनं स्पीकरकडं गेले.

"सायेब," रंगुबाई म्हणाली, "आज काय लावू नका. आज दुखू द्या त्यांना."

"रंगू..." आजी म्हणाल्या.

तिनं पुढं होऊन सासूचा पाय स्टुलावर घेतला आणि दोन्ही हातांनी गच्च धरला.