पाहणीसाठी आवरलेलं घर

आमच्या घरात दप्तरं राहतात. आम्ही आपले त्यांच्या कडेकडेने. नवरा रेक्झिन कापतो, मी शिवते, सासूबाई चेन लावतात आणि उरलेल्या जागेत आम्ही झोपतो. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा मी हट्टच धरला. कर्ज काढू, काम तिकडे नेऊ, घराला एकदाचं घर म्हणू.

पण पगाराचा कागद आम्ही कुठून आणणार? बँकेने सांगितलं, आमचा माणूस येऊन धंदा बघेल.

माणूस येणार म्हटल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. "चार लोकांत शोभेल असं दिसायला नको?" मीही हो ला हो केलं. रेक्झिनचे रोल, बकलांच्या गोण्या, तयार दप्तरं, सगळं वरच्या मजल्यावर नणंदेकडे गेलं. फरशी पुसली. मशीनवर चादर, चादरीवर फुलदाणी.

बँकेतल्या मॅडम आल्या, पाणी प्यायल्या. "छान ठेवलंय हो घर. धंदा कुठे चालतो?"

"इथेच," नवरा म्हणाला.

मॅडमनी चारही भिंती पाहिल्या. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पसारा म्हणून नसतो आमच्याकडे!"

नवऱ्याने घाईघाईने चादर ओढली. फुलदाणी मी कशीबशी झेलली.

"एक मशीन तर माझ्या आईकडेही आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि माल?"

"वर, नणंदेकडे. चला ना, दाखवते."

"दुसऱ्याच्या घरातला माल तुमचा कसा लिहू? या पत्त्यावर जे दिसलं, तेच लिहावं लागतं मला."

त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण लिहिलं तेच. नवा अर्ज आता सहा महिन्यांनी. गाळ्याचा मालक तोवर थोडाच थांबणार!

त्या गेल्या. हसावं की रडावं कळेना. सासूबाईंना चांगलं सुनावायचं म्हणून मी वळले. त्या खिडकीखाली, एरवी रोल उभे असतात तिथे, उघड्या फरशीवर ऐसपैस आडव्या झाल्या होत्या. वारा तोंडावर घेत होत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला. मलाही असंच पडायचं होतं, रोज, म्हातारी होईपर्यंत.

"ते रोल आजच आणायचे का गं?" त्यांनी विचारलं.

माल परवा द्यायचा होता. "उद्या आणू," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी आडवी झाले.