हंसाकाकीच्या शेताचा फोटो

चंद्रहासला माणसं आवडत नसत असं नाही. फक्त फोटोत आवडत नसत. फुलपाड्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये भिंतभर झाडं, डोंगर आणि खाड्या होत्या. बायको सरोजिनी पाहुण्यांना सांगे, "यांच्या फोटोत यायचं तर आधी झाड व्हावं लागतं."

त्या पावसाळ्यात एकच फोटो त्याच्या डोक्यात बसला होता. आगाशीपलीकडे खाडीकाठचं एक शेत, चिखलणी होऊन पाण्यानं भरलेलं. बांधावर एक ताड, पाण्यात उलटा ताड. फोटोग्राफी मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, हे त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. पण तो गेला की नेमकं आभाळ भरून येई. आता शेजारच्या शेतात लावणी उरकली होती आणि या शेताची उद्यावर आली होती. रोपं लागली की आरसा गेला, तो वर्षभरासाठी.

त्या सकाळी मात्र ऊन फुटलं, वारा पडला. चंद्रहासनं तिपाई रोवली, कॅमेऱ्याला डोळा लावला, श्वास धरला, आणि भिंगासमोर एक लुगडं येऊन उभं राहिलं.

ती शेताची मालकीण, हंसाकाकी. दोन्ही हात कमरेवर.

"कोनी धाडला तुला?"

"काकी, जरा बाजूला व्हा. ऊन जाईल."

"जाऊ दे ऊन. माझी जमीन नाय जायाची. दर वेळी येतो, तीन पायांचं यंत्र लावतो. मोजनीवाला ना तू? कुठल्या बिल्डरचा?"

चंद्रहासचं लक्ष मात्र उन्हाकडेच होतं. बिल्डरांचे मोजणीवाले असंच यंत्र घेऊन बांधाबांधानं फिरतात, हे वसईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यालाच काय ते नव्हतं.

"मी फोटो काढतो हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "हवं तर बघा यातून."

काकीनं डोळा लावला. चांगला निवांत लावला. तिकडे एक ढग सूर्याच्या रोखानं निघालाही.

"ताड हाय. पानी हाय. माझं घर कुठं गेलं?"

घर ताडाच्या डावीकडे होतं, कौलांवर निळं प्लास्टिक घातलेलं. ते टाळायला चंद्रहासनं किती खटपट केली होती, ते त्याचं त्यालाच माहीत.

"मोकळी जागा छान दिसते ना, म्हणून..."

"दिसतेच," काकी म्हणाली. "घर नाय, मानूस नाय. अशी मोकळी दिसते म्हनूनच येतात ते."

फ्लॅट घेताना बिल्डरनं हातात दिलेलं चकचकीत पुस्तक चंद्रहासला आठवलं. त्यावरही शेत होतं, पाणी होतं, ताड होता, माणूस नव्हता. 'बघ, किती मोकळं आहे,' असं त्यानंच सरोजिनीला हरखून दाखवलं होतं. ते शेत कुणाचं, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. आज पडला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं कॅमेरा डावीकडे वळवला. घर आलं, प्लास्टिक आलं.

"काकी, तुम्हीही उभ्या राहा."

"थांब," म्हणत काकी घरात गेली, ती चांगलं लुगडं नेसून आणि अबोलीची वेणी माळूनच बाहेर आली. तोवर ऊन गेलं होतं. त्यानं तसाच फोटो काढला.

प्रदर्शनात तो दाराजवळच्या कोपऱ्यात लागला. उजेड फिका, ताड अर्धा कापलेला, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून काकी. परीक्षक न थांबता पुढे गेले.

सरोजिनी थांबली. फोटोखाली नेहमी 'निसर्ग' असं लिहिलेलं असे. या वेळी चंद्रहासनं लिहिलं होतं: 'हंसाकाकीचं शेत. विकायचं नाही.'