कफप्रकृतीच्या घरातला पंप

मी पंप बोलतोय. पाण्याचा नाही, सायकलचाही नाही. श्वासाचा. निळं प्लॅस्टिकचं अंग, आत बोटभर धातूची डबी, तोंडाला टोपण. दाबलं की फुस्स करतो आणि दम्याने आवळलेली छाती मोकळी करतो. माझ्या पाठीला एक बारकी खिडकी आहे, तिच्यात आकडा दिसतो. तो दोनशेपासून सुरू होतो आणि दर दाबण्याला एकने उतरतो. मला खोटं बोलता येत नाही. हा काही माझा मोठेपणा नाही, माझी घडणच तशी. पण ज्या घरात मी गेलो, तिथे हा गुण चालत नव्हता.

कारखान्याचं फार आठवत नाही. एका पट्ट्यावर आम्ही हजारो भाऊ ओळीने सरकत होतो, एवढंच. मग खोकं, मग औषधाचं दुकान. त्या दुकानात काउंटरला उभी राहणारी एक मुलगी होती. एका संध्याकाळी तिने मला खोक्यातून काढलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. धाकट्या भावासाठी. त्याला ती बारक्या म्हणायची. बारक्या एकवीस वर्षांचा, कॉलेज अर्धवट सोडलेला. त्यामुळे घरातला प्रत्येक मोठा माणूस त्याच्याशी बोलताना आधी उसासा टाकायचा.

त्या घरात दमा नव्हता. तिथे 'कफप्रकृती' होती.

हा शब्द नीट ऐकून ठेवा, माझी सगळी कहाणी त्याच्यावरच अडली आहे. बारक्याच्या आईचे वडील वीस वर्षं तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपले. कोणी विचारलं तर घरचे म्हणायचे, "त्यांना वाचत झोपायची सवय आहे." म्हाताऱ्याला चष्म्यावाचून अक्षर दिसत नव्हतं आणि चष्मा तर कपाटात असायचा. तो गेला तेव्हाही लोकांना सांगितलं, कफ झाला होता. बारक्या लहानपणी रात्र रात्र शिट्टीसारखा वाजायचा, ती त्याची 'प्रकृती'. पंप घेतला की सवय लागते. पंप दिसला की लोक नावं ठेवतात. पंपवाल्याला मुलगी कोण देणार? एवढी काळजी जर त्या छातीची केली असती!

मामांनी परदेशात नोकरी लावून दिली, तेव्हा एक फॉर्म आला. हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री, मामा तिथे सुपरवायझर. फॉर्मवर प्रश्न होता, श्वासाचा काही विकार आहे का? वडिलांनी स्वतःच्या पेनाने 'नाही'वर खूण केली. मुलाला विचारलंसुद्धा नाही.

"बाबा, ते खोटं आहे," ताई म्हणाली.

"खोटं कसलं? कफप्रकृती म्हणजे काय विकार आहे का? तू दोन गोळ्या विकतेस म्हणून डॉक्टर झालीस?"

आईने बॅग भरताना मला बाहेर काढून ठेवलं. ताईने पुन्हा आत टाकलं, बुटाच्या टोकात, मोज्यात गुंडाळून. अशा रीतीने मी चोरासारखा सीमा ओलांडली. कोणाचा जीव वाचवायला निघालेला मी, वास मात्र मोज्याचा.

तिकडची खोली तळघरात होती. तीन खाटा, एक खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून लोकांचे फक्त बूट दिसायचे. ओले कपडे खोलीतच वाळायचे. भिंतीवर काळी बुरशी धरली होती. मामांनी त्यावर उपाय केला होता. तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

मामा पन्नाशीचे, मिशी टोकदार, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी भाच्याला नियम सांगितले. "ओल्या डोक्याने बाहेर जायचं नाही. कोमट पाणी प्यायचं. खिडकी उघडायची नाही, गारठा येतो. आणि मुख्य म्हणजे परदेशात आजारी पडायचं नसतं. इथे आपलं कोण आहे बघायला?"

"तुम्ही आहात ना, मामा."

"मी आहेच रे. पण आजारी पडायचं नसतं."

पडायचं नसतं! जणू आजारपण म्हणजे रांगेत पुढे घुसण्यासारखा एखादा आगाऊपणा.

बारक्या घडीच्या विभागात लागला. गरम चादरी रोलरमधून बाहेर येतात, दोघांनी टोकं धरून घडी घालायची. दर झटक्याला कापसाची बारीक लव उडते. उन्हाच्या पट्ट्यात ती सुंदर दिसते, छातीत गेली की समजते. त्याच्यासमोर टोक धरायला एक बाई होत्या, त्यांचा नवरा तिथे ड्रायव्हर होता. आपल्याच भाषेतल्या. सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. बारक्या मधूनच संडासाकडे जायचा आणि दोनदा फुस्स करून यायचा. वहिनींनी ते ओळखलं, पण बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "पोटाचा त्रास दिसतोय तुमच्या छातीला."

दर रविवारी घरी फोन व्हायचा. तिकडे स्पीकरवर सगळे बसलेले असायचे, त्यामुळे बहीणभावांनी एक खूण ठरवली होती.

"आकडा किती?" ताई विचारायची.

"एकशे ऐंशी."

"कसला आकडा?" वडील मध्येच.

"वजनाचा, बाबा. पौंडात सांगतोय."

"वा, तब्येत मानवली म्हणायची पोराला!"

पुढे तो आकडा घसरत गेला आणि वडील हळहळायला लागले, पोरगं वाळत चाललंय. मला हसू यायचं. अशा घरात हसूसुद्धा चोरूनच आणावं लागतं.

एकशे बावन्नवर असताना मामांनी मला पकडलं. उशीखाली होतो.

"हे काय आहे? फॉर्मवर काय लिहिलंय माहितेय ना? कंपनीला कळलं तर तू जाशील, तुझ्याबरोबर मीही जाईन. माझ्या शब्दावर घेतलंय तुला."

"मामा, मला लागतो तो."

"लागतो म्हणूनच माझ्याकडे राहू दे. खूपच झालं तर मागून घे. एरवी वाफ घ्यायची."

मी मामांच्या पँटच्या खिशात गेलो. किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. मला वाटलं, आता इथे नुसतं पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न्हाणीघरात गेले, कडी लावली, नळ पूर्ण सोडला. मग खिशात हात घातला, माझं टोपण काढलं आणि मला आपल्या तोंडात धरलं.

दोनदा दाबलं. किती सराईतपणे! श्वास सोडून, ओठ मिटून, सावकाश आत ओढून, दहा आकडे मोजेपर्यंत रोखून. बारक्याला अजूनही इतकं नीट जमत नव्हतं. या माणसाने असे किती पंप संपवले असतील, त्या म्हाताऱ्याच्या तीन उशांनाच ठाऊक. नळ बंद झाला. मामा बाहेर आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ऊठ रे! तरुण पोरं तुम्ही, जरा पायऱ्या चढलात की धापा टाकता!"

सकाळी दोन, संध्याकाळी दोन. अडतीस दिवस. भाचा खाटेवर शिट्टीसारखा वाजत असायचा. "मामा, पंप द्या ना," म्हणाला की उत्तर ठरलेलं, "जपून ठेवलाय. खऱ्या वेळेला देईन. आत्ता वाफ घे." मी खिशातून ऐकत होतो. ज्याच्यासाठी मी आलो, त्याच्यापासून मला एका कापडाचं अंतर होतं. मला ओरडता येत नाही. मला फक्त उतरता येतं. मी उतरत गेलो.

अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी खिडकीत तीन शून्यं आली. मामांनी पाहिली. मला कानाशी नेऊन हलवलं, हवेत एकदा दाबलं. फुस्स झालं. "वाजतोय ना, म्हणजे आहे," ते स्वतःशीच म्हणाले आणि मला परत खिशात टाकलं.

इथे माझी एक लाज सांगतो. औषध संपलं तरी आमच्यातला वायू थोडा उरतो. मी वाजतो, पण माझ्यात काही नसतं. मोठ्या माणसांसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला रोलरजवळ बारक्याच्या हातून चादरीचं टोक सुटलं. तो गुडघ्यावर बसला, हात जमिनीला टेकवले, खांदे कानांपर्यंत वर गेले. ओठ निळसर.

"अहो, मामांना बोलवा!" वहिनी किंचाळल्या.

मामा धावत आले. खरी वेळ आली होती ना, मग त्यांनी दिलेला शब्द पाळला. मला काढून भाच्याच्या हातात ठेवलं. त्याने दाबलं. फुस्स. पुन्हा फुस्स. पाच वेळा. मी त्याला वारा दिला. माझ्या आयुष्यात मला एवढं नागडं कधी वाटलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला समजत नव्हतं की मी त्याचं का ऐकत नाही.

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते मी," वहिनी म्हणाल्या.

"थांबा, थांबा, कंपनीत बोभाटा होईल, आत्ता बसेल ते..."

"तुम्ही बसा!" वहिनी म्हणाल्या आणि फोन लावला.

दवाखान्यात त्याच्या नाकातोंडावर मास्क चढवला, हाताला सुई लावली. तासाभराने ओठांना रंग आला. तरुण डॉक्टरीण बाई आल्या आणि तिकडच्या भाषेत विचारलं, आधीपासून काय आजार आहे? बारक्याला ती भाषा तोडकीमोडकीच यायची. मामा दुभाष्या म्हणून पुढे झाले. त्यांनी सांगितलं, काही नाही, पोराला जरा सर्दीची सवय आहे.

कफप्रकृतीचा अनुवादसुद्धा तयार होता!

बारक्याला तेवढं कळलं. त्याने मूठ उघडली. मी तिच्यातच होतो, घामाने ओला. त्याने मला डॉक्टरीणबाईंपुढे धरलं. मला कुठलीच भाषा बोलावी लागत नाही. त्यांनी मला उलटं केलं, खिडकी पाहिली आणि शून्यावर बोट ठेवून ती त्याला दाखवली.

तो बघत राहिला. मग मास्क बाजूला करून हळूच म्हणाला, "मामा, माझा आकडा एकशे बावन्न होता."

मामा भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचायला लागले.

"बाकीचे कुठे गेले, मामा?"

"डॉक्टरांसमोर असलं बोलायचं नसतं."

बारक्याने त्यांच्याकडे पाठ केली. तिकडच्या भाषेत त्याने एकच शब्द नीट उच्चारला. ताईने फोनवर शिकवून ठेवलेला. दमा. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, लिहून घेतलं. आमच्या घरात तीन पिढ्यांत पहिल्यांदा तो शब्द कागदावर उतरला.

रविवारी फोन झाला. सगळे स्पीकरवर.

"आकडा किती?"

"शून्य. आणि वजनाचा नाही, बाबा, पंपाचा. मला दमा आहे. मामांनाही आहे. आजोबांनाही होता."

मग वडिलांचा आवाज आला, "शेजारी ऐकतील. हळू बोल."

बारक्याने फोन ठेवून दिला.

आता त्याच्याकडे दोन नवे पंप आहेत, एक रोजचा, एक अडीअडचणीचा. ते त्याच्या वरच्या खिशात असतात, सगळ्यांना दिसतील असे. वहिनींनी ओळख काढून त्याला एका गोदामात कामाला लावलं. तिथल्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या पेनाने 'हो'वर खूण केली, तरी त्याला घेतलं. जाताना त्याने मला तळघरातल्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याखाली डॉक्टरीणबाईंच्या पत्त्याची चिठ्ठी सरकवली.

"मामा, एकदा दाखवून घ्या. मी येतो सोबत, दुभाष्या म्हणून."

"मला काय धाड भरलीय? माझी कफप्रकृती आहे."

चिठ्ठी कचऱ्यात गेली. मला मात्र त्यांनी टाकलं नाही. रोज सकाळी कडी लागते, नळ सुटतो, मामा मला तोंडात धरतात. दहा आकडे रोखतात. माझ्यात काही नाही, हे त्यांना माहीत आहे. माझ्या पाठीवर ते तीनदा लिहिलेलं आहे. तरी ते दाबतात, कारण मी वाजतो.

वायूही संपत आलाय. एक दिवस मी वाजणार नाही. तुमच्या घरात कोणी बसून झोपत असेल, तर त्याच्या उशा मोजा आणि आजाराला त्याच्या नावाने हाक मारा.

कालपासून इथे मामांच्या खाटेवर तिसरी उशी आली आहे.