क्षमाचा गंधार कोणी बिघडवला?

मित्रांनो, कानडी मुलखातल्या चामराजपेटेत, आमच्या मराठी मंडळात भिंतीला टेकून बसलेली जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, ती मी. चाळीस वर्षे मुलांना सा लावून देते आहे, त्यामुळे माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. हात धुतले म्हणणाऱ्याच्या बोटांनाही वड्याचे तेल असते.

आमचे सुधींद्र अण्णा मुलांना समूहगान शिकवतात. खांदे उचलू नका, श्वास पोटातून घ्या, शेजाऱ्याचा आवाज ऐकत गा, असे ते सांगतात. आणि पेटी देईल तोच सूर खरा, हेही सांगतात. हे मला फार आवडायचे.

यंदा दसरा झाला, दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली, आणि गाणे गंधारावर खटकू लागले. सा आणि रे ठीक, ग आला की काहीतरी घासायचे. माझा संशय थेट दहा वर्षांच्या क्षमावर. सगळी मुले माझ्याबरोबर, ही एकटीच किंचित वर. घरी ती मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर गाते हे कळले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. ज्याला लाकूड नाही की भाता नाही, त्याच्या नादी लागल्यावर दुसरे काय होणार?

अण्णा रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "क्षमा, कार्यक्रमात तू नुसते ओठ हलव हं. कुणाला कळायचं नाही."

"सरी, अण्णा," ती कानडी सवयीने 'बरं' म्हणाली. पुढच्या दोन तालमी तिने फक्त ओठ हलवले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी ती लवकर आली. मोबाइल माझ्या झाकणावर ठेवून म्हणाली, "अण्णा, स्वल्प ऐकता? यात माझा ग बसतो. पेटीचा बसत नाही."

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटले. पण तानपुऱ्यात सा आणि प नीट जुळले, की गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो. क्षमा गायली, तिचा सूर त्यात विरघळला. अण्णांनी माझा गंधार दाबला. तो वेगळाच वाजत राहिला. अण्णांनी पुन्हा दाबला, मग मला उघडले.

माझ्या गंधाराच्या पितळी रीडवर, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पातीवर, कुंकवाचा वाळलेला गोळा होता. दसऱ्याच्या आयुधपूजेला अण्णांनीच ओले हळदकुंकू माझ्या पट्ट्यांवर भरभरून लावले होते. ते फटीतून आत ओघळले, रीडचे टोक जड झाले आणि सूर उतरला. माझे ऐकून गाणारी सगळी मुलेही उतरली. आणि मी जगावर संशय घेत बसले, स्वतःला सोडून. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

"चुकलं माझं, बाळ," अण्णा म्हणाले. "आता मोकळेपणाने गा."

क्षमाने पोटातून श्वास घेतला, तोंड उघडले. ओठ हलले, आवाज आला नाही.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा, पण वर्षातून एकदा मला उघडून पुसाही. माझी रीड पाच मिनिटांत साफ झाली. क्षमा दिवाळीला गायली, पण अगदी हळू. अजूनही गंधार आला की ती आधी अण्णांच्या तोंडाकडे बघते.