हांडल म्हंजे कासरा नोहे

विकासनं गोव्याहून जी पाण्यावरची स्कूटर आणली तिला बसायला सीटच नाही, ही बातमी शेलूबाजारच्या बाजारात त्याच्या बापाच्या आधी जाऊन पोहोचली होती. इंद्रभान चहाला टेकतो न टेकतो तोच माणिकरावांनी भर हॉटेलात तोफ डागली.

"काहो इंद्रभान, सीट काय त्या गोवावाल्यानं घरी ठेवून घेतली?"

सगळं हॉटेल खदखदलं. माणिकराव म्हणजे इंद्रभानचा शाळासोबती. दुसरीत असताना इंद्रभान मास्तरांच्या खुर्चीवरून पडला होता, ते हा गडी अजून लग्नकार्यात सांगतो. इंद्रभान सोयाबीनचा भाव पडलेला सोसेल, पण माणिकरावाचं हसू? छ्या! चहा तसाच ठेवून तो उठला आणि घरी न जाता तडक हरीओमच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला.

खरं सांगायचं तर त्या गाडीला सीट नसतेच. ती उभ्यानं चालवायची जेट स्की. लांबोडकं धूड, मागं पाय ठेवायला पन्हाळीसारखी जागा, आणि पुढं वर-खाली होणारा एक दांडा, त्याला हँडल. विकास पाच वर्षं गोव्याच्या एका रिसॉर्टवर लोकांना हेच शिकवत होता. रिसॉर्ट बंद पडलं, मालकानं जाताजाता ही जुनी गाडी त्याला दिली, आणि पठ्ठ्यानं ती किसनसिंग नावाच्या ड्रायव्हरच्या पिकअपमध्ये टाकून थेट धनजजवळच्या आपल्या गावी आणली. गावचा तलाव काठोकाठ भरलेला, तिथं बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन ही गाडी शिकवायची असा बेत, आणि ग्रामपंचायतीनं ठरावही करून दिला. विकासचं म्हणणं सरळ होतं. "गावातले लोकच भेले त भाईरचे कायले येतीन? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर, त्या करीपर्यंत गावातला एक तरी मानूस याच्यावर उभा राह्यला पायजे. नाई राह्यला त मी गाडी घेऊन परत गोव्याले चाललो. दुसऱ्या रिसॉर्टचा फोन येऊन राह्यला."

विकासच्या आईनं, रुख्मिणीबाईंनी, हे ऐकून पदर डोळ्याला लावला. इंद्रभानला तर एकच दिसत होतं. एकुलता एक पोरगा पाच वर्षांनी घरात जेवायला बसत होता. ताटात भाकर कमी पडली की "माय, अजून एक" म्हणत होता. पोरानं जाऊ नये, बस्स! बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

म्हणूनच तर तो हरीओमकडे गेला होता. त्याच्या डोक्यात हिशोब पक्का होता. लोक भेतात कशाला? बसायला जागा नाही म्हणून. सीट बसवा, अख्खा गाव रांगेत उभा राहील.

विकास दिवसभर अकोल्याला गेलेला. संध्याकाळी येऊन बघतो तर अंगणात जेट स्की, आणि तिच्यावर भंगारातल्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट, चार बोल्ट ठोकून, वर लाल रंग मारून! शेजारी इंद्रभान आणि हरीओम लेकीचं लग्न पार पाडल्यासारखे घाम पुसत उभे.

"बाबा... हे काय केलं?"

"पहिली सुधारना!" इंद्रभान छाती काढून म्हणाला.

विकासनं कपाळावर हात मारला. मग तो हसायला लागला. असा हसला की ओट्यावर आडवा झाला. "बाबा, तुमी बुडाले चार भोकं पाडले! आता हे पान्यावर नाई, पान्याखाली चालते!"

सीट निघाली. रेझिन आणून भोकं बुजवली, वर कापड चिकटवलं, दोन दिवस वाळवलं. या दोन दिवसांत बापलेकांचं असं वाजलं की शेजारपाजारचे जेवणं सोडून ऐकायला येत. इंद्रभानला गाडीला हॉर्न पाहिजे होता. लाइट पाहिजे होता. शिवाय इंजिन "जराकसं मोठं" करून पाहिजे होतं.

"इंजिनाले हात लावाचा नाही!" विकास ओरडला. "तुमाले अजून पडता येत नाही धड, अन् इस्पीड वाढवून काय करता? हॉर्न कोनाले वाजवसान, बेडकाले? पहिल्यांदी तीनच गोष्टी. खालतून पानी वढते तिथं चांगली जाळी, आपल्या तलावात शेवाळ लय हाय. पायाखाली जाड गादी, तुमचे गुडघे दुखते म्हनून. अन् हांडल चार बोटं उंच."

"हांडल काहून उंच?"

"तुमचं पोट मधात येते."

रुख्मिणीबाई आत पोळ्या लाटत होत्या, त्यांना तिथंच ठसका लागला.

सीटचं पाप फेडायचं म्हणून हरीओमनं जाळी फुकट करून दिली आणि हँडलही उंच केलं. गादीचं मात्र अडलं. मुंबईहून मागवलेली काही केल्या येईना. शेवटी रुख्मिणीबाई पदर खोचून गोठ्यात गेल्या आणि म्हशीच्या पायाखालची रबरी मॅट ओढत घेऊन आल्या. "हे घे. जाड हाय, पाय सटकत नाही, अन् तुह्या बापापेक्षा वजनदार जनावर याच्यावर उभं राह्यते." मॅट घासूनपुसून, कापून चिकटवली. अशी घट्ट बसली की विकासही बघत राहिला. म्हैस रुसून दोन दिवस दूध चोरत होती, तो भाग वेगळा.

आता शिकणं. गावातल्या तरण्याबांड पोट्ट्यांनी आधी उड्या मारल्या. राजपाल तांड्यातला धिप्पाड गडी, ऊसतोडीला गेला की मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारा. तोही तीनदा आपटला आणि "हे आपलं काम नोहे" म्हणत काठावर जाऊन बसला. त्याचं बघून बाकीचेही बसले. काठावर बसलं की अक्कल लय सुचते. पाण्यात एक आणि सल्ले देणारे पन्नास, असा देखावा झाला.

उरला इंद्रभान. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. मनगटाला दोरी, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद. पोटावर चढायचं, मग गुडघ्यावर यायचं, थोडा वेग घ्यायचा, मग एक पाय, मग दुसरा. ऐकायला किती सोपं!

गुडघ्यापर्यंत तो छान आला. एक पाय टाकला, तोही जमला. दुसरा टाकला मात्र, गाडी अशी काही डुलली की त्याच्या तोंडून जन्मभराची सवय बाहेर पडली. "हो! हो रे! हो!" असं ओरडत त्यानं दोन्ही हातांनी हँडल मागं ओढलं. बैल थांबला असता. हे थांबतं होय? दांडा वर आला, गाडी पायाखालून निसटून पुढं गेली आणि इंद्रभान पाठीवर धप्पकन पाण्यात.

काठावर लोक लोळायचे बाकी राहिले. "इंद्रभान, कासरा सैल सोड!" कोणी तरी ओरडलं.

"हांडल म्हंजे कासरा नोहे, बाबा!" विकास पोहत आला. "वढलं की ते वरतं येते. भेव लागलं त खाली दाबा, गुडघे ढिले ठेवा, अन् नजर पायाकडं नाई, काठावरच्या बाभळीकडं. अन् अजून एक. वळताना रेस सोडाची नाही. रेस सोडली की हे वळतच नाही, नाकासमोर जाते."

"बैल त वळताना हळू होते."

"अहो, हे बैल नोहे!"

पण चाळीस वर्षं बैल हाकलेले हात ते. रोज तेच. भीती वाटली की हात मागं, आणि इंद्रभान पाण्यात. अंगण झालं शाळा. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पाट ठेवून रुख्मिणीबाईंनी नवऱ्याला उभं केलं, हातात लाटणं दिलं आणि आपण लाकडी पळी घेऊन समोर बसल्या. लाटणं छातीकडं आलं की पळी हातावर. "दाबा! खाली दाबा! अवो, वढू नका म्हनते ना!" दोन पाट मोडले, एक लाटणं मोडलं, पळी मात्र शाबूत राहिली. झोपेतसुद्धा इंद्रभानचे हात पांघरूण खाली दाबत होते, असं त्या सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या.

बघता बघता पोळा आला आणि गेला. बैलांची शिंगं रंगली, झुली चढल्या, पुरणाचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी कोणी शेतात जात नाही, म्हणून सगळा गाव तलावावर लोटला. गाडी परत न्यायची वेळ आलीच तर म्हणून किसनसिंगही पिकअप घेऊन आला आणि झाडाखाली गाडी लावून रुख्मिणीबाईंनी दिलेल्या पुरणपोळीवर तुपाची धार सोडत बसला. विकासची बॅग त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवलेली होती. इंद्रभाननं ती बॅग पाहिली आणि जॅकेटचे पट्टे आणखी आवळले.

"बाबा, राहू द्या आता," विकास हळूच म्हणाला. "लय केलं तुमी."

"हट!" इंद्रभान म्हणाला. त्यानं हँडलला पोळ्याचा लाल गोंडा बांधला. विकासनं तो जाळीपर्यंत पोहोचत नाही ना ते पाहून घेतलं.

पोट. गुडघे. वेग. एक पाय. दुसरा पाय. गाडी डुलली. इंद्रभानचे दंड ताठ झाले, हात मागं यायला निघाले. काठावरून रुख्मिणीबाईंनी असा आवाज काढला की झाडावरचे बगळे उडाले. "दाबा ऽऽऽ!"

त्यानं दाबलं. गुडघे ढिले सोडले. समोरच्या बाभळीवर डोळे लावले आणि अंगठ्यानं रेस वाढवली.

आणि बाप्पा! गाडी शांत झाली. खालचं पाणी सरसर कापलं जायला लागलं आणि इंद्रभान उभा होता. सरळ, पाण्याच्या वर, अंगात वारं शिरल्यासारखा. आधी त्याला खरंच वाटेना. मग त्याच्या तोंडून जी आरोळी निघाली ती पोळ्याच्या दिवशीही कोणी ऐकली नव्हती. बाभळ जवळ आली. रेस न सोडता तो डावीकडं झुकला आणि गाडी गर्रकन वळली. काठावर टोप्या उडाल्या, कोणी तरी डफडं बडवलं. माणिकराव मुद्दाम मजा बघायला आले होते, ते तर आ वासून उभे.

"माणिकराव!" इंद्रभान समोरून जाताना ओरडला. "टाका खुर्ची, बसून पाहा!"

एक फेरी झाली. दुसरी झाली. "बाबा, या आता!" विकास हात हलवून हलवून थकला. कशाला येतोय! खुशीनं माणूस येडा झाला होता. आणि खुशीच्या तळाशी एक लबाडीही होती, कारण अट पुरी झाली तरी विकासची बॅग अजून पिकअपमध्येच होती. मी काठाला लागलोच नाही तर पिकअपमध्ये काय भरतील? फिरत राहायचं. पोरगं काठावर उभं राहून हसत होतं, ओरडत होतं, आणि प्रत्येक फेरीला ते तिथंच होतं.

पण पेट्रोल कोणाच्या बापाचं ऐकतं? तलावाच्या मधोमध इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. वेग गेला तशी गाडी लटपटली आणि इंद्रभान दणकन पाण्यात. जॅकेटच्या जोरावर तरंगत तो गाडीला धरून राहिला. काठावरून विकासनं सूर मारला.

तो जवळ येईस्तोवर इंद्रभानची धुंदी उतरली होती. पोराचा चेहरा समोर आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपण पोराला अडकवायला निघालो होतो.

"माही हौस फिटली बाबू," तो धापा टाकत म्हणाला. "मी तुले धरून ठेवाले पाहून राह्यलो होतो. तसं करू नाही मानसानं. तुले जावं वाटते त जाय. किसनसिंग कवाचा थांबला."

विकासनं गाडीच्या दुसऱ्या बाजूला हात टाकले. काठावर रुख्मिणीबाईंनी कासोटा मारून लाइफ जॅकेट चढवलं होतं. त्यांच्या मागं राजपाल, राजपालच्या मागं आणखी सात-आठ जण, आणि कोण आधी यावरून भांडण पेटलं होतं.

"कुठी जाऊ बाबा?" विकास म्हणाला. "खळ्यातल्या बैलावानी तुमी एकाच अंगानं फिरून राह्यले. सगळे वळनं डावे. उजवीकडं कोन शिकवंन तुमाले?"

इंद्रभान पोराच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या नादात त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि तो खोकला.

"उजवं काय लवकर येते मले?" त्यानं विचारलं. "लय दिवस लागतीन."

"लागू द्या."

इंद्रभाननं छाती भरून श्वास घेतला आणि काठाच्या दिशेनं अशी हाक मारली की किसनसिंगच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"किसनसिंग! पोटभर खाय रे बापा, अन् रिकामी गाडी घेऊन जाय!"