खोली कमी पडते

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत होत्या, आणि झालं काय ते सांगायला तयार नव्हत्या.

"धाकट्याकडे जाते चार दिवस," एवढंच.

चार दिवसांसाठी कुणी थंडीची शाल आणि औषधांचा अख्खा डबा नेत नाही. मी पिशवीच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा कुठे बोलल्या. "काल तुझा नवरा फोनवर सांगत होता कुणाला तरी. खोली फार कमी पडते, काहीतरी केलंच पाहिजे म्हणे. दोन खोल्यांचं घर आहे बाई. अडचण कुणाची होते ते कळतं मला."

मला आधी हसू फुटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. म्हातारीनं कालपासून हे एकटीनं गिळलं होतं.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, पंचवीस वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातलं टेबल अडवून किड्यामुंग्यांचे फोटो काढतो. दुसरं व्यसन नाही, म्हणून मी चालवून घेते.

मी त्याला हाक मारून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. बोलण्यात तो पहिल्यापासून कच्चा. आईचा हात धरून तिला सरळ टेबलापाशीच घेऊन आला. खिडकीत मरून पडलेली एक माशी तिथे टाचणीच्या टोकावर चिकटवलेली होती.

"ही खोली, आई. बघ."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर माशीच्या डोळ्याचा एवढासा तुकडा लख्ख होता, बाकी सगळं धुकं.

"इतक्या जवळून काढलं की केसाएवढ्या जाडीचंच नीट दिसतं. पुढचं-मागचं पुसट. त्या जाडीला खोली म्हणतात. तीच कमी पडते गं."

सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आहेत. त्या म्हणाल्या, "मग कॅमेऱ्याचं भोक बारीक कर की. सुईच्या नेढ्यातून बघितलं की स्वच्छ दिसतं."

तो आईकडे बघतच राहिला. "करतो ना. पण फारच बारीक केलं तर सगळाच फोटो पुसट पडतो. म्हणून कॅमेराच थोडा थोडा पुढे सरकवायचा. आता टेबलाला कुणी हात लावू नका."

त्यानं कॅमेऱ्याखालचा स्क्रू कणभर फिरवला, फोटो काढला. पुन्हा कणभर, पुन्हा फोटो. असे साठ. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. मग कॉम्प्युटरनं साठ फोटोंतला लख्ख तेवढा भाग उचलून एकत्र जोडला, आणि माशी आली.

माझ्या अंगावर काटा आला. विटकरी डोळ्यात हजारो घरं, एकासारखं एक. पंखांच्या शिरांमधून हिरवा-जांभळा रंग वाहत होता. पायाचा केस न् केस कुणी मोजून लावल्यासारखा. पंचवीस वर्षं या माणसाला मी किडेवाला म्हणून चिडवत आले, आणि हा असलं काही बघत होता!

"एवढं सगळं होतं हिच्याकडे," सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि मी जन्मभर फडक्यानं मारत आले."

बराच वेळ त्या पडद्यासमोरून हलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "धाकट्याला कळव, येत नाही म्हणून." आणि मुलाला, "माझं बोट काढ."

त्यानं माशी बाजूला केली, सासूबाईंनी तर्जनी टेकवली. पुन्हा साठ वेळा स्क्रू फिरला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. पण त्या वयाचं बोट ते, थरथरणारच. फोटो काही जुळेनात. एका फोटोत कातडीची एक रेघ आणि तिच्यावरचा पांढरा ठिपका तेवढा स्पष्ट होता.

"नीट नाही आला, आई. खोली..." म्हणता म्हणता त्यानं जीभ चावली.

"आलाय की." त्या पडद्याजवळ वाकल्या. "हा सुई टोचल्याचा वण बघ. तुझा शाळेचा पहिला सदरा शिवत होते. रडत होतास, म्हणून घाई केली मी."

हललेला फोटो जागच्या जागी पुसून टाकायची त्याची रीत आहे. त्या दिवशी त्यानं साठच्या साठ ठेवले.